अकराव्या दिवशी मी तुझी गाडी दान केली

ऐक. आधी हे सांगून टाकतो, मग बाकीचं सांगायला मला तोंड राहील. तुझ्या अकराव्याला मी तुझी गाडी दान केली. ठरवून नाही केली. तोंडातून निघालं आणि झालं.

"अहो, तुम्हाला काही अक्कल?" असं तू म्हणाली असतीस. त्या दिवशी नव्हती. दहा दिवस पंचगंगा घाटाच्या पायऱ्या गंगेपर्यंत उतरायच्या आणि चढायच्या, डोकं भादरलेलं, पोटात धड काही नाही, आणि घरी यावं तर तुझी चप्पल दारात तशीच. कोणी उचलत नव्हतं. मीही नाही. असा माणूस पाटावर बसवला तर तो काय बोलेल याचा भरवसा कोणी धरू नये.

सगळं दामू करत होता. लोकांसाठी तो दामोदरगुरुजी. मी आणि तो एकाच दिवशी काशीत ब्रह्माघाटच्या पाठशाळेत गेलो होतो. तो वेद शिकून बाहेर पडला आणि मी दुसऱ्याच वर्षी मोटारीच्या गॅरेजात जाऊन पाने-पकडी उचलायला लागलो. अकराव्याचं दान घ्यायला आपल्यातले लोक कचरतात. दामू घेतो. म्हणतो, कोणीतरी घ्यायला हवं ना.

त्यानं सामान मांडलं होतं. छत्री, चपला, तांब्या, गादी, उशी, तुझी हिरवी साडी. एकेका वस्तूवर माझ्या हातून पाणी सोडवत होता. शेवटी म्हणाला, "आता तिला सगळ्यात आवडायची ती वस्तू. काय आहे?"

सुनंदानं तुझा चांदीचा करंडा घासून ठेवला होता. तिनं तो पुढे सरकवला. पोरगी नागपूरहून आल्यापासून सगळं नीट करत होती. आणि मी म्हणालो, "गाडी."

दामू थांबला. "सदू, कोणती?"

"दोन सीटवाली. किती गाड्या आहेत माझ्याकडे?"

"बाबा!" सुनंदा म्हणाली.

दामूनं डोळे मिटले, संस्कृतात काहीतरी जोडलं. त्यातलं मला ‘रथ’ एवढंच कळलं. मग पळीनं माझ्या तळहातावर पाणी घातलं. ते बोटांवरून खाली ताम्हनात गेलं. गाडी दामूची झाली.

नंतर मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, अरे, मी शुद्धीत नव्हतो. तर म्हणतो, "यजमान बोलला ते मी म्हणायचं. आणि दिलेलं दान परत घेणाऱ्याला किड्याचा जन्म लागतो, शिकलो होतो आपण."

म्हटलं, "तिथपर्यंत मी पोचलोच नव्हतो."

तो हसला नाही. पहिल्यांदाच त्या माणसाला माझ्या बोलण्यावर हसू आलं नाही, तेव्हा मला कळलं की तू खरंच गेलीस.

ती गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या, हे सुनंदाच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. सिगऱ्याच्या त्या कोठीच्या अंगणात लग्नाचा मांडव घालायचा होता. मालकीणबाई मला म्हणाल्या, मिस्त्री, हे विलायती खटारं इथून घेऊन जा, नाहीतर मी कबाड्याला बोलावते. लांब नाक, वर टप नाही, दारं इतकी बुटकी की पाय टाकून आत जावं. लाल रंग उडून विटेसारखा झालेला. इंजिनावर दोन कार्ब्युरेटर, आणि ते दोन्ही उंदरांनी भरलेले. मी ती ठेल्यावर लादून माछोदरीच्या माझ्या भाड्याच्या शेडमध्ये आणून टाकली. महिनाभर घरी बोललो नाही. मग एक दिवस तुला सांगितलं, वाटलं तू भांडशील.

तू म्हणालीस, "बघायची."

आलीस. गाडी विटांवर उभी होती, चाकं नाहीत, इंजिन खाली उतरवलेलं. तू साडी आवरून आत शिरलीस आणि बसलीस. तासभर झाला तरी उठेनास. मी काम करत होतो. शेवटी विचारलं, "बाईसाहेब, कुठे सोडू?"

"कुठे नाही," तू म्हणालीस, "इथेच बरं आहे."

मला तेव्हा काही कळलं नाही. मी येडा माणूस. नंतर कधीतरी डोक्यात उजेड पडला. आपल्या घरात तीन मजल्यांवर अकरा माणसं आणि चूल एक. पहाटेपासून "सूनबाई, सूनबाई". तुला आणि मला बोलायचं झालं तर जिन्यात बोलायचं, तेही वर-खाली बघून. आणि इथे ही गाडी. सीटा दोनच. आई बसू शकत नाही, वहिनी बसू शकत नाही, कोणी मध्ये डोकं घालू शकत नाही. लोक खोली बांधतात, मी तुझ्यासाठी एक खोली दुरुस्त करत होतो आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

चार वर्षं लागली. मग दर रविवारी आपण ब्रह्माघाटच्या गल्लीतून पायी निघायचो, तू पुढे, मी मागे, माछोदरीपर्यंत अनोळखी असल्यासारखे. शेडचं दार उघडलं की तू वेगळीच बाई. राजघाटचा पूल लागला की पदर डोक्यावरून खाली. ट्रकवाल्यांना अशा शिव्या द्यायचीस की एकदा एका सरदारजीनं खिडकीतून हात जोडले होते. ज्या घरात बाहेरचं पाणी चालत नव्हतं त्या घरची सून माझ्या बाजूला बसून कचोरी आणि जिलबी खायची आणि वर म्हणायची, "सासूबाईंना सांगाल तर बघा." आईला कळत होतं. ती एवढंच म्हणायची, "सूनबाईंना आज मोटारीचा वास येतोय, आधी आंघोळ करा म्हणावं."

हे सगळं गोड गोड झालं. आता दुसरं ऐक.

अकराव्याच्या संध्याकाळी सुनंदा स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी म्हटलं, आता ही मला धुणार. तर ती म्हणाली, "बरं केलंत बाबा. गेली ती एकदाची."

"का गं?"

"मला कधी नेलंत त्यात?"

मी म्हटलं, दोनच सीटा होत्या.

"ते माहीत आहे मला. मी गच्चीवर उभी राहायची. गाडी तर गल्लीत यायची नाही, तुम्ही दोघं वळणावर जाताना दिसायचात तेवढंच. आई हसत असायची. घरात नाही हसायची तशी. मला वाटायचं, मी नसले की आई हसते."

हातातली ताटली तिनं तीनदा पुसली. मी म्हटलं, आई म्हणायची पोरीला वारा लागेल. ते खरंच म्हणाली होतीस ना तू? एकदा म्हणाली होतीस. पण मी तेव्हाही ओळखलं होतं की वाऱ्याचं काही नाही, तुला रविवार हवा होता. पाच वर्षांच्या पोरीला मांडीवर घेतलं असतं तर पुन्हा तू कोणाची तरी आई झाली असतीस. मी तुला दोष देत नाही. पण हे तू तिच्याशी बोलायला हवं होतंस, मी नाही. तू निघून गेलीस आणि ते माझ्या पदरात टाकून गेलीस. मला असलं बोलता येत नाही. मी तिला म्हटलं, "चहा कर." तिनं केला. आम्ही दोघं प्यायलो. तेवढंच झालं.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धं राहिलं आहे.

गेली सहा-सात वर्षं मी म्हणत होतो, विकू. माझ्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू, गुडघे गेलेले, लायसन संपलं ते पुन्हा काढलं नाही. शेडच्या मालकाला तिथे यात्रेकरूंसाठी हॉटेल उठवायचंय, तो महिन्यातून दोनदा येऊन हात जोडतो. गाडी तीन वर्षं रस्त्यावर गेली नाही. मी म्हणायचो, मशीन उभं राहून मरतं, चालवणाऱ्याच्या हातात देऊ. तू म्हणायचीस, "मी आहे तोवर नाही."

"पण करणार काय तिचं?"

"बसणार."

आणि काठी टेकत यायचीस बसायला. घरातली अकराची दोन माणसं झाली होती, हाका मारणारं कोणी उरलं नव्हतं, तरी यायचीस. मी चिडायचो. म्हणायचो, घरात बसायला खुर्च्या कमी आहेत का? तू उत्तर द्यायची नाहीस. भांडणात उत्तर न देणं ही तुझी जुनी बदमाशी.

मग तू आजारी पडलीस. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी घेऊन जा, जे खायला मागतील ते द्या. त्याच्या दुसऱ्या आठवड्यात लखनौचा तो माणूस आला. जुन्या गाड्या गोळा करतो, दोन वर्षं फोन करत होता. मी तुला म्हटलं, चहा प्यायला चौकात जातो. चहाला नव्हतो गेलो. त्याला शेडमध्ये घेऊन गेलो, गाडी दाखवली. त्यानं बोनेटवरून हात फिरवला, जसा माणूस घोड्यावरून फिरवतो तसा, आणि म्हणाला, "चाचा, जबान दे दीजिए।" मी जबान दिली.

ऐकलंस? तू घरी खाटेवर होतीस. जिवंत होतीस. मी तुझ्या मागे तुझी गाडी देऊन आलो.

का दिली ते सांगतो. मला भीती वाटली. मला दिसलं की तू नाहीस आणि मी ते शेडचं कुलूप उघडतोय. माझ्याच्यानं ते होणार नाही असं वाटलं. तू श्वास घेत होतीस आणि मी तुझ्या नंतरचा हिशेब करून टाकला. पैशाचं पाप नाही हे. हे त्याहून वाईट. तू असताना मी तुला नसलेली धरलं.

घरी आलो तेव्हा तू म्हणालीस, "हाताला ग्रीस कसलं?"

म्हटलं, नळ दुरुस्त केला.

तू भिंतीकडे तोंड केलंस. झोप आली म्हणून केलंस की कळलं म्हणून? हे मला सांगायला हवं होतंस. शिव्या द्यायला हव्या होत्यास, राजघाटच्या पुलावर ट्रकवाल्यांना द्यायचीस तशा. मी ऐकून घेतल्या असत्या. त्यानंतर नऊ दिवस तू होतीस आणि त्या नऊ दिवसांत मी रोज ठरवलं की आज सांगतो. रोज तुला पेज भरवली, पाय चेपले, आणि सांगितलं नाही.

म्हणून अकराव्याला दामूनं विचारलं तेव्हा तोंडातून ‘गाडी’ निघालं असेल. चोर आपणच माल पुढे टाकतो तसं.

पंधरा दिवसांनी दामू आपली मिळकत बघायला आला. मी शेडचं दार उघडलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, धोतर सावरून आत पाय घातला आणि बसला. मग म्हणाला, "सदू, हा रथ? यात यमालासुद्धा गुडघे मोडून बसावं लागेल."

"उतर मग."

"उतरता येत नाही."

खरंच येत नव्हतं. मी एकीकडून आणि बाहेरच्या पानवाल्यानं दुसरीकडून असा वेदमूर्ती उपसून काढला. पानवाला म्हणाला, "गुरुजी, विमान से उतर रहे हैं का?" आम्ही तिघं हसलो. तुझ्यानंतर मी पहिल्यांदा हसलो आणि लगेच मला वाटलं की कोणीतरी बघतंय.

दामू बाकड्यावर बसून दम खात होता. मी त्याला लखनौचं सगळं सांगितलं. माणसासमोर पहिल्यांदा. त्यानं ना शास्त्र काढलं ना समजूत घातली. म्हणाला, "माझ्या घराची गल्ली दोन हात रुंद. ही मला ठेवता येत नाही. मालक मी आहे, पण डोकं तुझं चालव. ठेव म्हणशील तर दुसरी शेड शोधू, माझी म्हणून तुझ्याकडे राहील. वीक म्हणशील तर विकतो. दोन दिवसांत सांग."

दोन दिवस मी ‘ठेव’ म्हणत होतो. मनात ठरलंच होतं. तू म्हणाली होतीस नाही, तर नाही. लखनौवाल्याला सांगू की गाडी माझी राहिली नाही. आणि ते खोटंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकटाच गेलो, पुसून-बिसून ठेवावी म्हणून. माझ्या बाजूचं दार गंजून बसलं होतं, उघडेना. पाय टाकून जायला गुडघा उचलेना. मग तुझ्या बाजूनं शिरलो आणि पलीकडे सरकायला गेलो तर मध्ये गिअरचा दांडा. तिथेच बसून राहिलो. तुझ्या सीटवर.

अगं, त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. तिची दुरुस्ती केली ती उभ्यानं, वाकून, खाली आडवं पडून. बसलो कधी नाही. मी का बसेन? आणि बसलो तर समोर रस्ताच दिसेना. डॅशबोर्ड नाकापर्यंत. वर काचेत शेडचं छप्पर. मला वाटलं मी खचलोय, म्हणून ताठ झालो. तरी तेच. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

हातानं मापलं. माझी सीट वर, तुझी चार बोटं खाली. गाद्या तू शिवल्या होत्यास, आईच्या मशीनवर, सुया मोडत. मला आठवलं, काथ्या कमी पडला होता आणि तू म्हणाली होतीस, होतंय त्यात. माझी पाठ दुखायची म्हणून माझी गादी आधी भरलीस आणि उरलं ते तुझ्या गादीत. मी इतकी वर्षं दोन्ही सारख्या समजत होतो.

खाली बघितलं तर तुझ्या उजव्या पायाखालची चटई झिजून आरपार गेलेली. तिथे तू ब्रेक दाबायचीस. मी ब्रेक मारायच्या आधी तुझा पाय खाली गेलेला असायचा. मी टोमणे मारायचो, तिकडे ब्रेक नाहीये बाईसाहेब. तू म्हणायचीस, मला कळतं. मी समजायचो, ही रस्त्याला घाबरते.

रस्ता तुला दिसतच नव्हता. तिथून एकच गोष्ट दिसते. ड्रायव्हर. तू माझ्या तोंडाकडे बघून ब्रेक दाबत होतीस. मी इतकी वर्षं समोर बोट करून सांगत आलो, तो बघ मोर, ती बघ आगगाडी, ती बघ गंगा किती चढलीय, आणि तू "हो, हो, केवढी!" म्हणत होतीस.

मी मान वळवून उजवीकडे बघितलं. नुसतं स्टिअरिंग. बराच वेळ बघत बसलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मला खूप रडू आलं, ते सांगत नाही.

मग दामूकडे गेलो. म्हटलं, "वीक."

"नक्की?"

"ती म्हणाली होती, मी आहे तोवर नाही. आता नाहीये ती."

"म्हणजे भांडण मिटलं."

"मिटलं नाही. मी जिंकलो." मग मी त्याच्या ओसरीवर खालीच बसलो. "असं नव्हतं रे जिंकायचं."

काल लखनौवाला आला. कागद माझ्या नावावर म्हणून सह्या मी केल्या. पैसे दामूनं घेतले, त्याचं काय करणार ते मी विचारलं नाही. दार मी आदल्या दिवशी सोडवून ठेवलं होतं. नवी बॅटरी लावली, तिसऱ्यांदा चोक ओढल्यावर इंजिन धरलं. सुनंदाला फोन लावून आवाज ऐकवला. तिनं शेवटपर्यंत फोन ठेवला नाही.

त्याची बायको बरोबर आली होती. पन्नाशीची, बुटकी, तुझ्याएवढीच. ट्रक मैदागिनला उभा होता, तिथपर्यंत चालवत नेतो म्हणाला. ती बाई हसत हसत तुझ्या दारानं आत बसली. मला वाटलं होतं त्या वेळी मला बघवणार नाही. बघवलं. फक्त तिचं डोकं तेवढं वर दिसत होतं.

मी त्याच्या बाजूला जाऊन म्हटलं, "साहब, मैडम की गद्दी चार अंगुल ऊँची करवा लीजिएगा। वहाँ से रास्ता नहीं दिखता।"

तो म्हणाला, "अरे चाचा, पहले बताना था।"

"हमको भी अभी पता चला।"

गेले ते. माछोदरीच्या वळणापर्यंत आवाज येत होता, मग रिक्षांमध्ये मिसळला.

चार बोटं काथ्या, अगं. एका दुपारचं काम होतं. मी मिस्त्री माणूस, जगाच्या गाड्या नीट केल्या. मला दिसलं नाही हे मान्य. पण तू तरी सांगायचं होतंस.